नादारीनंतरचा सातबारा

इचलकरंजीजवळच्या एका गावातले दोघे भाऊ माझ्याकडे आले, तेव्हा त्यांची अडचण विसाराची होती. वडिलांच्या मागे आलेली एक एकर चार गुंठे जमीन विकायला काढलेली, गिऱ्हाईक मिळालेलं, विसार पावतीही झालेली. मग गिऱ्हाइकाच्या वकिलानं सातबारा काढला आणि 'इतर हक्क' या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं दोन नोंदी होत्या. एक बँकेच्या बोजाची, दुसरी कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरची. गिऱ्हाईक म्हणालं, आधी हे निस्तरा, नाहीतर विसार परत द्या.

वडिलांचे यंत्रमाग होते. सूत उधारीवर घ्यायचं, कापड उधारीवर द्यायचं. एका व्यापाऱ्यानं हात वर केले आणि पुढची सगळी साखळी तुटली. वडिलांनी कोर्टात नादारीचा अर्ज दिला. कोर्टानं त्यांना नादार ठरवलं आणि काही वर्षांनी मुक्ततेचा हुकूमही दिला. आता वडील नाहीत. त्या हुकुमाची नक्कल थोरल्यानं प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणली होती. "साहेब, कोर्टानं वडिलांना मोकळं केलंय," तो म्हणाला.

वडिलांना केलंय, जमिनीला नाही. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पाहवेना. पण दिवाळं निघालेल्या घरांत हा घोटाळा मी इतक्या वेळा पाहिलाय, की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं. माणसाची सुटका आणि मालमत्तेची सुटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कोर्टात होते. दुसरीसाठी कोर्टाचा कागद हातात घेऊन चार-पाच कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तो कागद आपल्या पायांनी तलाठ्याकडे चालत जात नाही.

आधी कायदा कुठला, ते पाहू. २०१६ सालची नवी नादारी आणि दिवाळखोरी संहिता आल्यापासून लोकांना वाटतं की जुनं सगळं गेलं. कंपन्यांपुरतं ते खरं आहे. तुमच्या-माझ्यासारख्या साध्या माणसासाठी, एकट्याच्या नावावर दुकान किंवा यंत्रमाग चालवणाऱ्यासाठी, त्या संहितेचा भाग अजून अमलात आलेला नाही. त्याला दोन म्हातारे कायदेच लागू आहेत. मुंबई शहरासाठी १९०९ चा प्रेसिडेन्सी शहरांचा नादारी कायदा, ज्याचं काम उच्च न्यायालयात चालतं, आणि बाकी महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, ज्याचं काम जिल्हा न्यायालयात किंवा अधिकार दिलेल्या खालच्या दिवाणी न्यायालयात चालतं. १९२० चा कायदा किती जुना, तर त्यात कर्जदारानं स्वतः अर्ज करायला देणं किमान ५०० रुपयांचं असावं अशी अट आहे. आज ५०० रुपयांत सुताची एक पेटीही येत नाही.

या कायद्याखालचा प्रवास तीन मुक्कामांचा आहे. अर्ज, नादार ठरवणारा हुकूम, आणि मुक्तता. गैरसमज पहिल्याच मुक्कामापासून सुरू होतात. अर्ज दिला म्हणजे सुटलो, असं समजून लोक पुढच्या तारखांना जाणंच सोडून देतात. नुसत्या अर्जानं कर्ज कमी होत नाही आणि सावकार दारातून हलत नाही. उलट मालमत्तेवर मात्र त्याच दिवसापासून सावट येतं. कारण नादारीचा हुकूम जेव्हा केव्हा होईल, तेव्हा त्याचा परिणाम अर्जाच्या तारखेपासून धरला जातो. मधल्या काळात तुम्ही एखादा प्लॉट विकला असेल तर तो व्यवहार पुढे वादात येऊ शकतो. अर्जाची खबर नसताना, पुरेपूर मोल देऊन, हुकूम होण्यापूर्वी ज्यानं खरेदी केली त्याला कायदा संरक्षण देतो. पण मला खबर नव्हती हे सिद्ध करत बसायची हौस कुठल्या गिऱ्हाइकाला असते?

दुसरा मुक्काम सगळ्यात महत्त्वाचा. नादार ठरवल्याचा हुकूम झाला की तुमची मालमत्ता कोर्टाकडे किंवा कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरकडे निहित होते. निहित होते म्हणजे जप्त होते असं नाही. जप्तीत मालकी तुमची राहते, फक्त हात बांधलेले असतात. इथं मालकीच जाते. सातबाऱ्यावर तुमचं नाव तसंच दिसत राहील, घरपट्टीची पावती तुमच्याच नावानं फाटेल, पण विकायचा, गहाण टाकायचा, बक्षीस द्यायचा अधिकार रिसीव्हरचा. आणि हे फक्त त्या दिवशीच्या मालमत्तेपुरतं नाही. नादार ठरल्यानंतर आणि मुक्तता मिळण्यापूर्वी जे काही तुमच्याकडे येईल, मग ते वडिलांच्या मागे आलेला वारसा असो की आत्यानं मृत्युपत्रानं दिलेली खोली असो, तेही रिसीव्हरकडे जातं. म्हणून मी सांगतो, मुक्ततेचा अर्ज लांबवू नका. नादार ठरवणाऱ्या हुकुमातच किती मुदतीत मुक्ततेसाठी अर्ज करायचा हे लिहिलेलं असतं. ती मुदत चुकवली तर कोर्ट नादारीचा हुकूमच रद्द करू शकतं, आणि मग ना मुक्तता, ना संरक्षण, सगळे देणेकरी पुन्हा दारात.

यातून काही गोष्टी सुटतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जे जप्तच करता येत नाही, ते नादारीतही जात नाही. उदाहरणार्थ, शेतकऱ्याचं स्वतःचं राहतं घर किंवा कारागिराची हत्यारं. पण घर आपण होऊन गहाण टाकलेलं असेल तर ही सूट त्या गहाणदाराला अडवत नाही. पत्नी सहमालक असेल तर तिचा हिस्सा तिचाच राहतो, फक्त तो तिनं खरोखर स्वतःच्या पैशानं घेतलेला हवा. नाव कागदावर आणि पैसा नवऱ्याचा असेल तर रिसीव्हर प्रश्न विचारतोच.

आता त्या दोघा भावांच्या जमिनीकडे येतो. मुक्ततेच्या हुकुमानं वडिलांची जुनी देणी संपली, हे खरं. पण जी मालमत्ता रिसीव्हरकडे गेली होती, ती मुक्ततेनं आपोआप परत येत नाही. ती देणेकऱ्यांसाठी रिसीव्हरच्या हातीच राहते. विकून, सगळ्यांचं देणं व्याजासकट आणि खर्चासकट भागवून काही उरलं, तरच ते उरलेलं नादाराचं. १९२० च्या कायद्याचं कलम ६७ हेच सांगतं. नादार मेला तरी मालमत्तेचं कामकाज संपत नाही, पुढे चालू राहतं. या जमिनीचा लिलाव त्या काळी पुकारला होता, पण भावकीतल्या वाटेच्या भांडणामुळे बोली लागली नाही. रिसीव्हर म्हणून नेमलेले वकील नंतर वारले. फाईल रेकॉर्ड रूममध्ये गेली. जमीन मात्र कागदोपत्री त्या मेलेल्या रिसीव्हरकडेच अडकून पडली, आणि मुलांनी वारसनोंद करून ती आपली समजली.

याच्या उलट, नादारीचा हुकूम जर रद्द झाला असता, समजा सगळी देणी भागवल्यामुळे, तर मालमत्ता कोर्टानं वेगळं काही सांगितलं नसेल तर नादाराकडे परत आली असती. त्यामुळे तुमच्या घरात असा जुना हुकूम असेल तर पहिल्यांदा तो नीट वाचा. 'मुक्तता' लिहिलंय की 'रद्द' लिहिलंय? या एका शब्दावर जमीन कोणाची ते ठरतं. अनेकदा घरच्यांनी तो कागद पिशवीत ठेवलेला असतो, वाचलेला नसतो.

मार्ग काय? रिसीव्हर हयात नसेल तरी काम अडत नाही. रिसीव्हर नसतो तिथं त्याचे अधिकार कोर्टाकडे असतात. म्हणून त्याच कोर्टात, मूळ अर्जाच्या क्रमांकाचा हवाला देऊन अर्ज करायचा. कोणकोणत्या देणेकऱ्यांनी देणं शाबीत केलं होतं, त्यांना किती मिळालं, किती बाकी आहे, याचा हिशेब मागायचा. बाकी असेल तर ती भरून, नसेल तर तसं दाखवून, उरलेली मालमत्ता वारसांना परत करण्याचा हुकूम घ्यायचा. यासाठी सगळ्यात आधी लागते ती जुन्या फाईलची नक्कल. नक्कल विभागात मूळ अर्जाचा क्रमांक आणि साल दिल्याशिवाय कोणी जागचं हलत नाही, आणि नेमका तोच क्रमांक कोणाला आठवत नसतो. नादारीचा हुकूम शासकीय राजपत्रात छापला जातो. आठवत नसेल तर तिथून माग काढता येतो. आमच्या प्रकरणात तो क्रमांक सापडला थोरल्या सुनेच्या माहेरी ठेवलेल्या एका ट्रंकेत. माहेरची ट्रंक ही महाराष्ट्रातली सगळ्यात विश्वासाची अभिलेखशाळा आहे, हे माझं जुनं मत.

बँकेच्या बोजाची गोष्ट वेगळी, आणि ती जास्त घरांना लागू पडते.

गहाण ठेवून कर्ज घेतलं असेल तर नादारीनं ते गहाण सुटत नाही. कायद्यात स्पष्ट म्हटलंय की तारण धरणाऱ्या देणेकऱ्याच्या तारणावरच्या हक्काला धक्का लागत नाही. म्हणजे मुक्ततेनंतर बँक तुमच्या पगारावर किंवा नव्या कमाईवर हात टाकू शकणार नाही, पण गहाण असलेला फ्लॅट विकू शकते. सरफेसी कायद्याखाली आधी ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. हा कायदा शेतजमिनीला लागू नाही, तिथं बँकेला कोर्टाची किंवा वसुलीची दुसरी वाट धरावी लागते, हेही लक्षात ठेवा. लिलावात देण्यापेक्षा जास्त आलं तर ती वरची रक्कम कर्जदाराची, किंवा नादारी चालू असेल तर रिसीव्हरची. कित्येक लोक लिलावाच्या दिवशी गाव सोडून जातात आणि ही वरची रक्कम मागायलाच कोणी जात नाही. मागा. लेखी मागा.

आणखी तीन देणी मुक्ततेनंतरही अंगावर राहतात. सरकारचं देणं, लबाडी करून अंगावर घेतलेलं देणं, आणि बायको-मुलांची कोर्टानं ठरवून दिलेली पोटगी. शिवाय मुक्तता फक्त तुमची. भागीदार आणि जामीनदार तसेच बांधलेले राहतात. मेहुणा जामीन राहिला असेल तर त्याच्या जमिनीवरचा बोजा तुमच्या मुक्ततेनं हलत नाही, आणि मग दिवाळीला कोण कोणाच्या घरी जातं हा प्रश्न कायद्याच्या बाहेरचा.

जामीनदारांपैकी एका जातीचं मात्र वेगळं आहे. कंपनीच्या कर्जाला स्वतःची जामीनकी दिलेले संचालक. त्यांच्यासाठी नवी संहिता १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. कंपनीचा तोडगा मंजूर झाला म्हणजे आपली जामीनकीही संपली असं त्यांना वाटतं. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२१ मध्ये ललितकुमार जैन प्रकरणात हे मत नाकारलं. या संहितेत अर्ज दाखल होण्याच्या दिवसापासूनच अंतरिम स्थगिती सुरू होते. बोजा नसलेलं, ठरावीक किमतीपर्यंतचं एकमेव राहतं घर यात वगळलं जातं. संचालकांनी या तरतुदी वकिलाकडून समजून घ्याव्यात. इथं विस्तार करत नाही, कारण ते वेगळंच जंगल आहे.

एक मोह मात्र सगळ्यांना होतो. दिवाळं निघणार याची चाहूल लागली की घर बायकोच्या नावे बक्षीसपत्र, शेत भावाच्या नावे हक्कसोड. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेलं असं हस्तांतर रिसीव्हरच्या सांगण्यावरून कोर्ट मोडू शकतं. १९२० च्या कायद्याचं कलम ५३. गंमत अशी की मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही देणेकऱ्यांना फसवण्यासाठी केलेल्या हस्तांतराचं कलम ५३च आहे, आणि त्याला दोन वर्षांची मर्यादा नाही. एका देणेकऱ्याला इतरांच्या आधी गुपचूप देऊन टाकणंही तीन महिन्यांच्या आतलं असेल तर मोडतं. बक्षीसपत्र मोडलं की बायकोच्या नावची नोंद, त्या घरावरची तिच्या गृहकर्जाची नोंद, सगळं विसकटतं. मुद्रांक शुल्क परत मिळत नाही. आणि लबाडीचा शिक्का बसल्यावर मुक्तताही अवघड होते.

आता कचेऱ्यांच्या पायऱ्या. समजा तुमचं सगळं झालं आहे. देणं फिटलं, किंवा बँकेशी एकरकमी तडजोड झाली, किंवा कोर्टाचा हुकूम आला. तुमच्या मालमत्तेची नोंद एका वहीत नसते, अनेक वह्यांत असते, आणि प्रत्येक वहीचा कारकून वेगळा.

सातबाऱ्यापासून सुरू करा. बोजा कमी करायला तलाठ्याकडे अर्ज द्यायचा, किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाईन. सोबत बँकेचं पत्र. इथं निम्म्या लोकांचं चुकतं. बँक 'नो ड्यूज' देते, आणि ते घेऊन लोक तलाठ्याकडे जातात. नो ड्यूज तुमच्या खात्याबद्दल बोलतं, जमिनीबद्दल नाही. तलाठ्याला लागतं ते बोजा कमी करण्याबद्दलचं पत्र, ज्यात गाव, गट नंबर, बोजाची रक्कम आणि ज्या फेरफारानं तो बोजा चढला त्या फेरफाराचा नंबर असतो. बँकेत जाताना सातबारा आणि जुना फेरफार सोबत न्या आणि पत्र तिथं बसून लिहून घ्या. मग नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि महिने जातात. निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. बोजा मुळातच चुकून दुसऱ्याच्या गटावर चढला असेल, आणि असं होतं, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचा अर्ज, अपिलाच्या भानगडीत पडायची गरज नाही.

शहरात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका, आणि तिचं घर नगर भूमापन कार्यालय. फ्लॅट असेल तर सोसायटी. बँकेच्या कर्जाची नोंद सोसायटीच्या दप्तरात असते, ती काढण्याचं पत्र बँकेकडून सोसायटीच्या नावानं वेगळं घ्यायचं.

नोंदणी कार्यालयात बघायचं काय? गहाणखत रीतसर नोंदलेलं असेल तर गहाणमुक्तीचा दस्तही नोंदवून घ्या. फक्त मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज घेतलं असेल तर १ एप्रिल २०१३ नंतरच्या अशा गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते, आणि ती सूची दोनमध्ये दिसते. पुढे कोणी शोध घेतला की ती पहिली वर येते. याशिवाय केंद्रीय तारण नोंदणी, जिला सगळे 'सरसाई' म्हणतात, तिथं बँकेनंच तारण मिटल्याची नोंद करायची असते, तीस दिवसांत. तुम्ही थोडं शुल्क भरून तिथं शोध घेऊ शकता, आणि घ्याच.

हे सगळं करायला बँकेला वेळ नसतो हे मान्य. म्हणूनच रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२३ मध्ये नियम केला, जो १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. वैयक्तिक कर्ज, त्यात गृहकर्जही येतं, पूर्ण फिटल्यावर किंवा तडजोडीनं मिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि सगळ्या नोंदणीतले बोजे काढायचे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले असतील तर दुय्यम प्रत काढून देण्याची जबाबदारी बँकेची, त्यासाठी आणखी तीस दिवस. शाखेत या नियमाचा लेखी उल्लेख केला की कपाटाची किल्ली लवकर सापडते, असा अनुभव आहे. नागरी सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्याही यात येतात. यंत्रमागाच्या किंवा दुकानाच्या व्यवसायकर्जाला हा नियम नाही. आणि पतसंस्थेला अजिबात नाही, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या अखत्यारीत. पतसंस्थेनं वसुली दाखला घेऊन विशेष वसुली अधिकाऱ्याकरवी जप्तीची नोंद चढवली असेल तर ती उठवल्याचं पत्र त्याच अधिकाऱ्याकडून घ्यायचं, आणि तो देत नसेल तर उपनिबंधकाकडे अर्ज. तसंच कोर्टाच्या जप्तीचं. ती ज्या कोर्टानं चढवली त्याच कोर्टाचा जप्ती उठवल्याचा हुकूम लागतो, बँकेच्या पत्रानं ती निघत नाही.

बँकच उरली नसेल तर? सातबाऱ्यावर देना बँक लिहिलेलं असेल तर ती १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये गेली. सिंडिकेट बँक एका वर्षानं कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत. पत्र आताच्या बँकेकडून, आणि त्यात विलीनीकरणाचा उल्लेख हवा, नाहीतर मंडळ अधिकारी नाव जुळत नाही म्हणून परत पाठवतो. सहकारी बँकेचा परवाना गेला असेल, जसा पुण्याच्या रुपी बँकेचा २०२२ मध्ये गेला, तर पत्र अवसायकाकडून. आणि बँकेनं तुमचं थकीत कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं असेल तर तिच्याकडून, सोबत कर्ज हस्तांतराच्या कराराचा उतारा. पैसे भरण्यापूर्वीच विचारा की पत्र कोण देणार. नंतर विचारलं तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

एका अडचणीबद्दल कोणी बोलत नाही. दिवाळं निघाल्यावर माणूस फ्लॅटला कुलूप लावून गावी जातो. बँकेनं ताबा घेतलेला नाही, रिसीव्हरनं विकलेला नाही. मग तो फ्लॅट कोणाचा? ताबा किंवा विक्री होईपर्यंत महापालिकेचं आणि सोसायटीचं बिल तुमच्याच नावानं निघतं. पुष्कळ सोसायट्यांच्या उपविधींत थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज आहे. नादारीच्या हुकुमानंतर चढलेलं देणं जुन्या देण्यांत धरलं जाईलच असं नाही. म्हणून गाव गाठण्यापूर्वी बँकेला, रिसीव्हरला आणि सोसायटीला पोच घेऊन एक पत्र द्या: अमुक तारखेपासून मी इथं राहत नाही, ताबा घ्यावा, पत्रव्यवहार या पत्त्यावर करावा. या पत्रानं मालकीचा प्रश्न मिटत नाही, पण पुढच्या भांडणात तारीख तुमच्या बाजूनं बोलते. लिलाव झाल्यावर विक्री प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या आणि महापालिकेला स्वतः कळवा. घेणाऱ्यानं नाव लावलं नाही तर चार वर्षांनी जप्तीची नोटीस तुम्हालाच येते.

जे अशी मालमत्ता विकत घेतात त्यांनाही सांगतो. स्वस्त मिळतेय म्हणून नुसत्या सातबाऱ्यावर विसार देऊ नका. विकणाऱ्याच्या नावानं जिल्हा न्यायालयात नादारीचा अर्ज आहे का, ते ई-कोर्ट्सवर नाव टाकून पाहा, आणि जुन्या काळातला असेल तर कोर्टाच्या नोंदवहीत पाहा. नादाराकडून घेतलेली खरेदी म्हणजे ज्याचं काही नाही त्याच्याकडून घेतलेली खरेदी.

त्या भावांचं प्रकरण दीड वर्ष चाललं. शाबीत झालेल्या देणेकऱ्यांत दोघे सूत व्यापारी उरले होते. एक मिळाला, दुसऱ्याचा मुलगा मिळाला. दोघांची बाकी ठरवून कोर्टात भरली, जमीन वारसांच्या नावे देण्याचा हुकूम झाला. बँकेचा बोजा तडजोडीनं मिटला आणि पत्रही मिळालं. गिऱ्हाईक एव्हाना दुसरीकडे गेलं होतं, पण थोरला म्हणाला, आता घाई नाही, आधी उतारा कोरा करू. फेरफार प्रमाणित झाल्यावर तो पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा नवा सातबारा काढून घेऊन आला. रिसीव्हरची नोंद कंस होऊन रद्द झाली होती. बँकेचा बोजाही. आम्ही दोघांनी तो उतारा उजेडाला धरून पुन्हा वाचला, कारण बँकेचा बोजा तीन गटांवर होता आणि बँकेनं पत्रात दोनच गट लिहिले होते.